टोमॅटोंचा कोलू

बाबांची नागपूरला बदली झाली तेव्हा माझ्याकडे स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या. एक, सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं नोकरीचं पत्र. त्यातली रुजू व्हायची तारीख सारखी पुढे सरकत होती. दुसरी, गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये लावलेली टोमॅटोची रोपं. ते मंदीचं वर्ष होतं. माझ्या बरोबरीच्या बऱ्याच मुली अशाच घरी बसून तारखेची वाट बघत होत्या आणि एकमेकींना फोन करून कंटाळा वाटून घेत होत्या. मी कुणाला फोन करत नसे. मी गच्चीवर जाऊन रोपांना पाणी घालत असे आणि आसपास कुणी नाही असं बघून त्यांच्याशी इंग्रजीत बोलत असे.

चेन्नईत, मैलापूरला, एका दुमजली घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. पोंगल, म्हणजे इकडची संक्रांत, झाला की सामान ट्रकमध्ये भरायचं ठरलं होतं आणि मी बरोबर जाणार हे आईनं धरूनच टाकलं होतं. नागपूरला दोन आत्या होत्या. आत्यांकडे माझ्यासाठी बघून ठेवलेली स्थळं होती. एकदा तिथे गेले की सिरुसेरीचं पत्र कुठल्यातरी ट्रंकेच्या तळाशी जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला इथेच राहायचं होतं. तारीख येईपर्यंत लेडीज हॉस्टेलमध्ये, आणि मग पुढेही. हे मी एकदा जेवताना, ताटाकडे बघत, सांगितलं.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं की ताप आला तर कुणाला सांगशील? दुकानात जाऊन साखर मागायची तरी तू आधी जिन्यात उभी राहून वाक्य पाठ करतेस. हे खरं होतं. मग ते हसत म्हणाले, "बरं, असं कर. आम्ही निघायच्या आत तुझ्या त्या बादल्यांमधला एक टोमॅटो पिकवून दाखव. मग राहा खुशाल."

ते गमतीत बोलले होते. मी "चालेल" म्हटलं तेव्हा त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. पण बाबा बोललेला शब्द मागे घेणाऱ्यांतले नाहीत. आई तेवढी म्हणाली की हा काय पोरखेळ, आणि वरण वाढायला लागली.

मला तर तेव्हा वाटलं की जिंकलेच. रोपं छान तरारली होती, गुडघ्याच्या वर आली होती. दसरा नुकताच झाला होता. पोंगलपर्यंत एक टोमॅटो लाल व्हायला काय लागतं?

पुढच्याच आठवड्यात एका रोपाच्या अगदी खालच्या पानावर तपकिरी ठिपका दिसला. जवळून पाहिलं तर ठिपक्यात वर्तुळं होती, एकात एक, कापलेल्या लाकडावर असतात तशी, आणि भोवती पिवळी कडा. दिसायला तो इतका सुबक होता की मी आधी त्याचं कौतुकच केलं. मग तसेच ठिपके शेजारच्या पानावर आले, मग शेजारच्या बादलीतल्या पानांवर, आणि पहिलं पान वाळून गळून पडलं. आईला वर आणून दाखवलं. तिचं माहेर शेतीवाल्यांचं. तिनं पान उलटसुलट केलं आणि म्हणाली, करपा पडलाय, उपटून टाक. तिच्या सुरात दुःख होतं की समाधान, ते मला ठरवता आलं नाही.

मी कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये गेले. तिथे प्रत्येक कॉम्प्युटरपुढे पडदा होता आणि पडद्यांमागे लोक जे काही बघत असतील ते बघत होते. मी पडदा ओढून घेतला आणि रोगट पानांचे फोटो बघितले. शेजारच्या माणसानं एकदा वाकून पाहिलं आणि निराश होऊन परत गेला. करप्याची बुरशी मातीत असते, असं तिथे लिहिलं होतं. पावसाचा थेंब मातीवर आपटतो, मातीसकट उडतो आणि खालच्या पानावर बसतो. पान ओलं राहिलं की ती रुजते आणि मग वर वर चढत जाते. औषधापेक्षा शहाणपण बरं, असा एकूण सल्ला होता. खालची पानं काढून टाका. माती झाकून ठेवा. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको. रोपांमध्ये अंतर ठेवा, वारा खेळू द्या. आणि पानं कोरडी ठेवा.

चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर पानं कोरडी ठेवायची म्हणजे समुद्रात उभं राहून काडेपेटी कोरडी ठेवायची. इथला खरा पाऊस तेव्हाच येतो, आणि येतो तो गच्चीवर तळं करून जातो.

तरी मी कामाला लागले. कात्री जंतुनाशकात बुडवून प्रत्येक रोपाची खालची पानं कापली आणि पिशवीत बांधून लांबच्या कचराकुंडीत टाकून आले. कुंडीपर्यंत जाताना ती पिशवी मी अशी धरली होती की रस्त्यावरच्या लोकांनी मला वाट करून दिली. बादल्यांमधली माती नारळाच्या शेंड्यांनी झाकली. मग सगळ्या बादल्या ओढत गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली नेल्या. पावसात कपडे वाळत घालायची ती जागा. वर पत्रा, तीन बाजू मोकळ्या. पण शेड लहान, त्यामुळे रोपं एकमेकांच्या अंगावर आली, आणि जमिनीवरचं पाणी उडून पुन्हा पानांवर येतच राहिलं. रोपं उंच ठेवायला हवी होती, एकमेकांपासून लांब, आणि तेवढ्याच जागेत. मला पायऱ्या हव्या होत्या.

आणि पायऱ्या होत्या. खाली, घरमालकीणबाईंच्या हॉलमध्ये.

घरमालकीणबाईंना सगळी गल्ली मामी म्हणायची, म्हणून आम्हीही. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज कुठल्यातरी राजाबरोबर इकडे आले ते आलेच; मामींनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता आणि पाहायची त्यांना गरजही वाटत नव्हती. घरात त्या मराठी बोलत, पण ती मराठी तमिळच्या झोपाळ्यावर बसून झोके घ्यायची. आई आणि मामी दोघी मराठी, आणि दोघींना एकमेकींचं निम्मंच कळे. मग मी मध्ये बसून तमिळमधून अर्थ सांगत असे. दोन मराठी बायकांमध्ये तमिळ दुभाषी, आणि दुभाषी म्हणून नेमलेली मुलगी घरातली सगळ्यात अबोल.

इकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात. हॉलमध्ये पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरं कापड घालायचं आणि बाहुल्या मांडायच्या. वर देव, मग संत आणि राजेराण्या, सगळ्यात खाली दुकान थाटून बसलेला जाडा चेट्टियार आणि त्याची बायको. संध्याकाळी बायका बघायला येतात, त्यांना विडा आणि सुंडल द्यायचं. सुंडल म्हणजे फोडणी दिलेले हरभरे, त्यावर खोबरं. मामींच्या पायऱ्या स्टीलच्या, घडीच्या होत्या. नवरात्र संपून गेलं तरी माळ्यावर चढवायला कुणी न मिळाल्यामुळे त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मी जिन्यात वाक्य पाठ केलं आणि मामींपुढे एका दमात म्हटलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. टोमॅटोसाठी पायऱ्या द्यायला त्यांची काही हरकत नव्हती. हरकत दुसरीच होती.

"पायऱ्या मांडल्या की तो कोलू झाला गे," मामी म्हणाल्या. "कोलू मांडला आणि बायकांना बोलावलं नाही, असं आमच्या घरात कधी झालं नाही."

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. त्या करत नव्हत्या. पायऱ्या रिकाम्या उभ्या राहिल्या तर चालतं, पण त्यांच्यावर काहीही, म्हणजे काहीही, रचून ठेवलं की त्याचा मान ठेवायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी बायका येणार. त्यांना विडा, सुंडल. सुंडल मामी करतील; विडे माझे. मान्य असेल तर पायऱ्या आत्ता ने.

मला माणसं नको होती म्हणून मी टोमॅटो लावले होते. पण वर पाऊस पडत होता आणि पानं ओली होत होती. मी हो म्हटलं.

पायऱ्या गच्चीवर चढवताना मी आणि आई जिन्याच्या वळणावर अडकलो, आणि मामी खालून सूचना देत राहिल्या. त्या सूचना मी आईला भाषांतर करून सांगेपर्यंत पायऱ्या आपोआप सुटल्या. मांडणीवरून मात्र भांडण झालं. मामींचं म्हणणं, आजारी रोपं सगळ्यात वर, देवाजवळ. माझं म्हणणं, आजारी वर ठेवली तर त्यांचं पाणी निरोग्यांवर ठिबकणार. त्यांना खालीच ठेवायला हवं. मामींनी बराच विचार केला आणि शेवटी निर्णय दिला की हरकत नाही, आजारी माणसाला दुकान जवळ असलेलं बरं. मग खाली जाऊन त्या चेट्टियारला आणि त्याच्या बायकोला घेऊन आल्या आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, ठिपकेवाल्या पानांशेजारी, बसवलं. वरच्या पायरीवर, सगळ्यात धडधाकट रोपाच्या दोन बाजूंना, लाकडी राजाराणी उभे राहिले. त्यांच्याशिवाय म्हणे कोलू होतच नाही. मी लांब उभी राहून पाहिलं. पाच पायऱ्या, त्यावर ऐसपैस अंतरानं बादल्या, रोपांमधून वारा आरपार चाललेला. करप्यावरच्या कुठल्याही पुस्तकात याहून चांगली व्यवस्था सांगितली नसेल. फक्त तिला राजाराणी होते.

पहिल्या शुक्रवारी गल्लीतल्या बायका रेशमी साड्या नेसून, छत्र्या घेऊन, गच्चीवर आल्या. त्यांच्या पुढे होत्या मागच्या गल्लीतल्या गाण्याच्या बाई. त्या लहान मुलींना गाणं शिकवत, आणि रस्त्यात भेटलेल्या माणसाशीही वर्गात बोलावं तसं बोलत. मला त्यांची इतकी भीती वाटे की मी त्यांच्या गल्लीतून जाणं टाळत असे. कोलूपुढे कुणीतरी गायचं असतं. बाईंनी सुरुवात केली, दोघीतिघींनी म्हटलं, आणि मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी येत नाही म्हणून मान हलवली. बाई म्हणाल्या की येत नाही असं कुणी नसतं, लाजतात असे असतात. मी विड्यांचं तबक उचललं आणि उगाच जिन्यापर्यंत जाऊन आले.

परत आले तर बायका पायऱ्यांना भिडल्या होत्या. टोमॅटोच्या पानाला एक उग्र हिरवा वास असतो. तो कुणाच्यातरी बोटांना लागला, तिनं तो दुसरीला दिला, आणि आता सगळ्या पानं चुरगाळून बोटं हुंगत होत्या. खालच्या पायरीवरचं ओलं, ठिपकेदार पान. मग वरच्या पायरीवरचं. मग पुन्हा खालचं. गल्लीतल्या दुसऱ्या एक मामी चेट्टियारच्या कपाळाला कुंकू लावून, त्याच बोटानं, प्रत्येक बादलीतल्या खोडाला कुंकू लावत चालल्या होत्या.

मी हात लावू नका असं म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मी तमिळमध्ये म्हणाले, मग इंग्रजीत, आणि मग स्वतःलाच दचकायला होईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा तमिळमध्ये. सगळ्या थांबल्या. मला वाटलं आता गच्चीवरून खाली उडी मारावी. मी बुरशीबद्दल सांगायला लागले, ओल्या बोटांवरून ती कशी पसरते ते. बायकांच्या चेहऱ्यावर, चांगल्या शिकलेल्या पण आगाऊ मुलीपुढे येतो, तो भाव आला.

तेव्हा आमच्या मामींनी शांतपणे सगळ्यांना सांगितलं की झाडं सोवळ्यात आहेत.

त्याक्षणी सगळे हात मागे गेले. एकीनं तर पदर आवरून दोन पावलं मागे घेतली. सोवळ्यातल्या वस्तूला शिवायचं नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कुंकू लावणाऱ्या मामी बोट वर धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि ते कुठे पुसावं हे त्यांना कळेना. बुरशीचं शास्त्र मला ब्राउझिंग सेंटरच्या पडद्याआड दीड तास बसून कळलं होतं. मामींनी ते एका शब्दात गल्लीत लागू केलं. मी स्वतः मात्र सोवळ्यातून सुटले नाही. पुढच्या शुक्रवारपासून मामी आधी माझी अंघोळ झाली का ते विचारत आणि मगच मला माझ्या झाडांजवळ जाऊ देत.

असे शुक्रवार होत गेले. पाऊस पडत राहिला. रोज सकाळी मी पायरीपायरीनं पानं तपासत असे, खालपासून वर, आणि ठिपका दिसला की पान कापत असे. मामींच्या सांगण्यावरून आंबट ताक पाण्यात मिसळून फवारलं. ताकानं करपा जातो की नाही हे मला आजही माहीत नाही, पण गल्लीतली सगळी मांजरं शुक्रवारी हजर राहायला लागली. कापून कापून रोपांचे पाय उघडे पडले, वर तेवढा झुबका राहिला. दुरून ती बुटक्या नारळांच्या रांगेसारखी दिसत. पण झुबक्यांमध्ये पिवळी फुलं आली. मग फुलांच्या जागी हिरव्या गोळ्या. मला इतका आनंद झाला की मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून उतरले आणि खाली मामी दिसताच पुन्हा नीट चालायला लागले.

आणि मग समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. शाळा बंद झाल्या. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ऑफिसला गेले. तोपर्यंत पाऊस वरून पडत होता. आता तो आडवा यायला लागला. शेडची पूर्वेची बाजू समुद्राकडे मोकळी, आणि थेंब थेट पायऱ्यांवर. आई म्हणाली प्लास्टिक बांध. मी म्हटलं प्लास्टिकनं वारा बंद होईल, आत पानांना घाम येईल, आणि एका दिवसात सगळं करपेल. मग काय बांधायचं? पाऊस अडेल पण वारा आत येईल असं काय असतं?

मामी काही न बोलता खाली गेल्या आणि एक जुनं सुती नऊवारी लुगडं घेऊन आल्या, वांगी रंगाचं, विरत आलेलं. ते आम्ही शेडच्या खांबांना बांधलं. साडी शिडासारखी फुगली. वारा तिच्यातून गाळून आत आला, आणि थेंब तिच्यावरच बसून ओघळले. पण साडी अर्ध्याच बाजूला पुरली. मामी माझ्याकडे बघत नव्हत्या, आईकडे बघत होत्या. आईच्या ट्रंकेत तिची लग्नातली नऊवारी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती कुणाला हात लावू देत नाही हेही. आई म्हणाली की ते लुगडं टोमॅटोला बांधायला नाही. मामी म्हणाल्या की खरंय, तुमच्याकडच्या साड्या मुळात लहानच असतात म्हणतात.

ते आईला भाषांतराशिवाय कळलं. ती पाय आपटत खाली गेली आणि हिरवी नऊवारी घेऊन आली.

ती बांधताना वाऱ्यानं एक टोक सुटलं आणि आईच्या तोंडावर फडफडलं. मी धरायला गेले तर मामींचं टोक सुटलं. मामी साडीमागे धावल्या, साडी मामींभोवती गुंडाळली, आणि आतून त्यांचा आवाज येत राहिला की आधी झाडं बघा, झाडं बघा. आईला हसू आवरेना. ती हसत हसत गच्चीवरच्या पाण्यात फतकल मारून बसली आणि उठायचं नावच घेईना. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही तिघी चिंब भिजलो होतो, आणि टोमॅटो दोन लुगड्यांआड कोरडे उभे होते. चेट्टियार खालच्या पायरीवर बसून सगळं पाहत होता.

वादळ ओसरल्यावर खालच्या पायरीवरची रोपं गेली. खोडं काळी पडली होती. मी ती मातीसकट उचलून टाकली. वरच्या पायऱ्या टिकल्या. डिसेंबरच्या मध्याला मार्गळीचा महिना लागला, सकाळी गार वाटायला लागलं, पाऊस थांबला. हिरव्या गोळ्या मोठ्या झाल्या आणि तशाच हिरव्या राहिल्या. घरात खोकी भरायला सुरुवात झाली. मी रोज सकाळी एकेका टोमॅटोला आर्जव केल्यासारखी बघत असे. पोंगल तोंडावर आला तेव्हा मधल्या पायरीवरचा एक टोमॅटो पिवळसर झाला, मग केशरी, आणि शुक्रवारी सकाळी चक्क लाल. बाबा नागपूरला क्वार्टर बघायला गेले होते, शनिवारी दुपारी येणार होते. मी तो तोडला नाही. त्यांनी तो झाडावर बघायला हवा होता. सोमवारी ट्रक येणार होता.

त्या संध्याकाळी मी कंपनीची मेल बघायला ब्राउझिंग सेंटरमध्ये गेले. तारीख पुन्हा पुढे गेली होती. परत आले तर शेवटच्या कोलूच्या बायका येऊन गेल्या होत्या, आई आणि मामी उरलेलं सुंडल खात होत्या, आणि मधल्या पायरीवर लाल काही नव्हतं.

आईनं तो गाण्याच्या बाईंच्या ओटीत घातला होता. ओटी भरताना फळ हवं, केळी संपली होती, आणि मामी म्हणाल्या की कोलूवरचंच फळ असताना बाहेरचं कशाला. शिवाय झाडाचं पहिलं फळ आपण खायचं नसतं, कुणालातरी द्यायचं असतं, हे आईचं म्हणणं. मी बाबांचं नाव घेतलं तेव्हा दोघींचे हात सुंडलावर थांबले. आई म्हणाली की ती बाबांना सांगेल की टोमॅटो लाल झाला होता. पण बाबा दाखव म्हणाले होते. सांग म्हणाले नव्हते. बाकीचे सगळे अजून हिरवे होते. मी म्हटलं मी तो परत आणते. ओटीत दिलेलं कुणी परत मागतं का, असं म्हणून आईनं कपाळावर हात मारला.

शनिवारी सकाळी मी मागच्या गल्लीत गेले. जिन्यात वाक्य पाठ केलं नव्हतं. ते पाठ करण्यासारखं वाक्यच नव्हतं. बाईंच्या हॉलमध्ये वर्ग चालू होता. परकर नेसलेल्या मुली ओळीनं बसून मांडीवर ताल धरत होत्या. मला दारात पाहून सगळ्यांचे हात थांबले. मी म्हणाले की काल ओटीत जो टोमॅटो आला तो मला परत हवा आहे. एक मुलगी फिसकन हसली. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी गा. मग बघू."

मला एकही गाणं येत नव्हतं. शाळेत रोज सकाळी म्हणायचो ती इंग्रजी प्रार्थना तेवढी येत होती. मी दारातच, चपला घालूनच, डोळे मिटून ती म्हटली. मुलींनी तिलाही ताल धरला, आणि तो काही केल्या बसेना, म्हणून मी त्यांच्या तालावर जायला लागले. प्रार्थनेचं काहीतरी भलतंच झालं, शेवट तर जवळजवळ नाचावं असा. मी थांबले तेव्हा कान गरम झाले होते आणि मला आणखी एक कडवं म्हणावंसं वाटत होतं.

बाई म्हणाल्या की आवाज वाईट नाही, ताल सैल आहे. आणि टोमॅटो रसमात गेला.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. बदली, हॉस्टेल, करपा, बाबांची अट. वर्ग तसाच थांबलेला, मुली तोंडाचा आ करून ऐकताहेत. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. माझ्याबरोबर येऊन बाबांना सांगायची त्यांची तयारी होती. मी म्हटलं नको, मीच सांगते. मग त्यांनी स्वयंपाकघरातून कडीचा डबा आणला, रसमानं काठोकाठ भरलेला, आणि झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिला.

दुपारी बाबा आले, अंघोळ करून जेवायला बसले. मी त्यांच्या भातावर रसम वाढलं आणि म्हणाले की हा माझा टोमॅटो आहे. बाबांनी आईकडे पाहिलं. आई लोणच्याची बरणी शोधत राहिली. मग त्यांनी ऑफिसात विचारतात तसे एकेक प्रश्न विचारले. फळ कुठे आहे, कुणी पाहिलं, इथे आलं कसं. चमच्यानं ढवळताना त्यांना लाल सालाची एक गुंडाळी सापडली. ती त्यांनी ताटाच्या कडेला ठेवली, आणि मी सांगत गेले तसे तिच्याकडे बघत राहिले. प्रार्थनेपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं. तू गायलीस? चपला घालून? मी हो म्हटलं. त्यांना ठसका लागला. आईनं पाणी दिलं, ते पिताना पुन्हा हसू आलं, आणि पाणी शर्टावर सांडलं.

मग ते माझ्याशी नाही, आईशी बोलले. "लोकांच्या घरून रसम मागून आणते. ही हॉस्टेलात उपाशी नाही मरायची."

आई म्हणाली की हॉस्टेलच्या खोलीला खिडकी आहे का ते आधी बघून या. बाबांनी वाटी पुढे केली आणि अजून रसम आहे का विचारलं. होतं.

डबा मी स्वतःच घासला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून गच्चीवर गेले. पायऱ्या ऊन खात उभ्या होत्या. मधल्या पायरीवरच्या रोपावर, अगदी खालच्या पानावर, पुन्हा एक तपकिरी ठिपका आला होता, सुबक, वर्तुळांचा. मी पान खुडून मुठीत धरलं, चार हिरवे टोमॅटो डब्यात घातले, आणि मागच्या गल्लीकडे निघाले. आपण गुणगुणतो आहोत, आणि तेही मोठ्यानं, हे कोपरा वळल्यावर कळलं.